गाडीच्या रंगाचा टवका घरीच भरायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावच्या आमच्या रंगाच्या दुकानात लोक काउंटरवर येऊन जे विचारतात आणि धुळे, नंदुरबार, चोपडा, शहादा इथून मोबाइलवर फोटो पाठवून जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना आपल्याकडचे रस्ते, आपलं ऊन आणि बोअरचं पाणी डोळ्यांसमोर ठेवलं आहे. विषय फक्त छोट्या टवक्यांचा आहे: ज्वारीच्या दाण्यापासून फार तर हरभऱ्याएवढ्या. त्याहून मोठं प्रकरण असेल तर आधी प्रश्न ४ वाचा.

१. टवका आणि ओरखडा यात फरक काय? दोन्हींवर उपाय एकच ना?

नाही. ओरखडा लांबट असतो आणि बहुतेक वेळा वरच्या पारदर्शक थरातच, म्हणजे लॅकरमध्ये असतो. त्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर रबिंग कंपाउंड (बारीक घासणारी पेस्ट) आणि पॉलिशनं काम भागतं, रंगाची बाटली उघडायची गरजच नाही. टवका म्हणजे खडी लागून रंगाची खपली उडालेली जागा. तिथे खड्डा असतो. तो घासून जात नाही, भरावा लागतो.

कंपनीतून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात: पत्र्याला धरून असलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर लॅकर. चारही मिळून जाडी बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एक-दीड कागदाएवढी. त्यातला लॅकर ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो आणि रंगाचा थर त्याहूनही पातळ. पुढे घासायची वेळ येईल तेव्हा हे आकडे उपयोगी पडतील.

आता टवक्याचा तळ पाहा. मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी पुरतं. तळाशी गाडीचाच रंग दिसला तर फक्त लॅकर उडालाय. राखाडी किंवा पांढरट दिसलं तर प्रायमरपर्यंत गेलंय. चकाकता पत्रा किंवा तांबूस ठिपका दिसला तर पत्रा उघडा पडलाय. कोणतं सामान लागेल ते या तळावरून ठरतं.

२. एवढ्याशा टवक्यानं काय बिघडतं? राहू दिला तर?

बंपरवर असेल तर काहीच बिघडत नाही. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज नाही. दिसायला बरं वाटत नसेल तर करा, नाहीतर सोडून द्या.

पत्र्यावरचा टवका मात्र सोडू नका. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की उघडा पत्रा दोन-तीन महिने जसाच्या तसा दिसतो, आणि माणूस निर्धास्त होतो. मृग बरसला की तिथे तांबूस ठिपका उठतो. गंज जागेवर थांबत नाही. तो आजूबाजूच्या चांगल्या रंगाखाली शिरतो, रंग फुगवतो, आणि ज्वारीएवढ्या टवक्याचं काम अख्ख्या पॅनलवर जातं. बऱ्याच नव्या गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, त्यामुळे त्या थोड्या उशिरा गंजतात. गंजत नाहीत असं नाही.

३. टवके बोनेटवर आणि पुढच्या बाजूलाच का पडतात?

पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेली खडी आणि तुमच्या गाडीचा वेग, दोन्ही तिथेच एकमेकांवर आदळतात. बोनेटची पुढची कड, काचेशेजारचे खांब, छताची पुढची कड आणि आरशांची पाठ या ठरलेल्या जागा. दारांखालच्या पट्टीवर मात्र तुमच्याच पुढच्या चाकांची खडी लागते.

सुरत–धुळे–नागपूर महामार्गावर काम चालू असलेला टप्पा, नव्या डांबरावर पसरलेली मोकळी खडी, गिरणेच्या नाहीतर तापीच्या वाळूचे डंपर, घाटात ट्रकच्या मागे लागलेली रांग: आमच्याकडे येणाऱ्या टवक्यांचा उगम बहुतेक यातच सापडतो. डंपरमागे अंतर ठेवा किंवा त्याला पुढे जाऊ द्या. मोकळ्या खडीवर वेग कमी करा, कारण वेग दुप्पट झाला की खडीच्या आघाताची ताकद चौपट होते.

४. घरी करू की गॅरेजला देऊ?

टवका हरभऱ्यापेक्षा लहान असेल, पत्र्याला पोचा नसेल आणि आजूबाजूचा रंग फुगलेला नसेल तर घरी करा. पोचा असेल तर आधी डेंटिंग लागतं. रंग फुगला असेल तर खाली किती गंज आहे ते वरून कळत नाही. नखाला अडकणारा हातभर चरा टच-अपनं, म्हणजे बाटलीतला रंग थोडा थोडा लावून, झाकता येतो, पण रेघ दिसतच राहते. बोनेटवर तीस-चाळीस टवके असतील तर एकेक भरत बसण्यापेक्षा बोनेट रंगवून घेणं बरं.

रंग विकणं हा आमचा धंदा आहे, तरी सांगतो: नवीन गाडीवर एक-दोन टवके पडले म्हणून पूर्ण पॅनल रंगवू नका. कंपनीचा रंग मोठ्या भट्टीत, साधारण १४० अंशांवर भाजलेला असतो. तो थर गल्लीतल्या गॅरेजमध्ये परत मिळत नाही. खर्चाचं म्हणाल तर टच-अपचं सामान शेकड्यांत येतं आणि एक पॅनल हजारांत.

५. घरी केल्यावर टवका अजिबात दिसणार नाही ना?

दिसेल, पण शोधला तर. तीन-चार पावलांवरून नजरेत येऊ नये आणि आत पाणी जाऊ नये, एवढं झालं की काम जमलं. 'पूर्वीसारखं' हवं असणारी माणसं घासत बसतात आणि नसलेलं दुखणं ओढवून घेतात. या विषयातलं आमचं मत एवढंच आहे: खड्डा बंद करणं पहिलं, सपाट करणं दुसरं, चमक तिसरी. पहिल्यावर थांबलात तरी गाडीचं काही बिघडत नाही.

६. माझ्या गाडीच्या रंगाचा कोड कुठे सापडेल?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, बोनेट उघडल्यावर समोरच्या पत्र्यावर किंवा इंजिनाजवळच्या पाटीवर पाहा. कंपनीप्रमाणे जागा बदलते. कोड छोटासा, अक्षरं-आकड्यांचा असतो. उदाहरणार्थ, मारुतीचा सुपीरियर व्हाइट म्हणजे '२६यू' आणि सिल्की सिल्व्हर म्हणजे 'झेड२एस'. सापडला नाही तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या स्पेअर पार्ट काउंटरवर विचारा, ते काढून देतात.

आरसी बुकात नुसतं 'व्हाइट' किंवा 'सिल्व्हर' लिहिलेलं असतं, त्यावर रंग घेऊ नका. एकाच कंपनीचे तीन-तीन पांढरे असतात आणि बाटलीत तिन्ही सारखेच दिसतात.

७. कोड बरोबर आहे, तरी रंग वेगळा दिसतोय. दुकानदारानं फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. सात-आठ वर्षं खान्देशच्या उन्हात उभी राहिलेली गाडी कोडाप्रमाणे राहिलेली नसते. लाल तर लवकर उतरतो. शिवाय एकाच कोडाच्या रंगात कारखान्यातल्या बॅचनुसार थोडा फरक पडतोच.

म्हणून गाडीला लावायच्या आधी जुन्या लग्नपत्रिकेच्या पांढऱ्या बाजूवर रंगाचा ठिपका द्या, वर लॅकर द्या, वाळू द्या आणि गाडीशेजारी धरून सावलीतही पाहा, उन्हातही पाहा. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही, आणि लॅकर चढल्याशिवाय खरी छटा कळत नाही. फरक जास्त वाटला तर गाडीच घेऊन रंगाच्या दुकानात जा. मिक्सिंग मशीनवर छटा सरकवून देता येते. पेट्रोलच्या टाकीचं झाकण खोलून नेलं तरी चालतं, फक्त आधी पॉलिश करून न्या.

८. सामान काय काय लागेल?

कोडाप्रमाणे रंगाची टच-अप बाटली, लॅकरची बाटली, आणि पत्रा उघडा असेल तर प्रायमरची छोटी बाटली. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते मेडिकलवर मिळतं. टूथपिकची डबी किंवा तीन शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश. मास्किंग टेप, मायक्रोफायबरचं फडकं, ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर) तळ साफ करायला आणि हवा असेल तर २५०० व ३००० नंबरचा शेवटी सपाट करायला. हातमोजे.

बाटलीच्या झाकणाला जो ब्रश येतो तो टवक्यासाठी फार जाडा असतो. तो बाटलीतच राहू द्या, रंग ढवळायला कामाचा आहे.

९. पूर्ण कृती क्रमानं सांगाल का?

गाडी सावलीत लावा. पत्र्यावर तळहात ठेवता आला पाहिजे आणि पत्रा गरम लागता कामा नये. कार शॅम्पूनं धुवा. घरातला भांड्यांचा साबण आणि पावडर नको. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्यानं मारा, नाहीतर पांढरे डाग वाळतात. गाडी पूर्ण वाळू द्या. टवक्याच्या कडेत पाणी अडकून राहतं, म्हणून घाई नको.

टवक्याच्या कडेला सुटलेल्या खपल्या असतात. त्या टूथपिकनं हळूच काढा. ही पायरी लोक हमखास टाळतात, आणि पुढे तिथूनच सगळं सुटतं. मग वॉटर पेपरचा तांदळाएवढा तुकडा टूथपिकच्या बोथट टोकाला चिकटवून फक्त तळ घासा, कडेबाहेर जाऊ नका. गंज असेल तर इथे थांबून प्रश्न ११ पाहा. घासून झालं की अल्कोहोलनं पुसा आणि नंतर बोट लावू नका, कारण बोटाचं तेलही रंगाला पकडू देत नाही.

पत्रा दिसत असेल तर प्रायमरचा एक पातळ ठिपका द्या, तो फक्त तळाला लागावा. बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा.

आता रंग. बाटली दोन-तीन मिनिटं जोरात हलवा, तळाशी बसलेला रंग पूर्ण मिसळू द्या. टूथपिकचं टोक बुडवा, थेंब बाटलीच्या तोंडावर निथळू द्या आणि उरलेला रंग टवक्याच्या मधोमध टेकवा. फासू नका, टेकवा. रंग स्वतःच कडेपर्यंत पसरतो. हा पहिला हात खड्डा भरणार नाही आणि भरायचाही नाही. सावलीत १५ ते ३० मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. प्रत्येक हात वाळला की थोडा खाली बसतो, कारण त्यातला थिनर उडून जातो. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली राहिला की थांबा. उरलेली जागा लॅकरची.

शक्य असेल तर लॅकर दुसऱ्या दिवशी द्या. तोही ठिपक्यानं, दोन हात, आणि शेवटी पातळीच्या केसभर वर. तोही खाली बसणार आहे. मग गाडी धूळ नसलेल्या जागी रात्रभर राहू द्या. अंगणात उभी करत असाल तर झाडाखाली नको, आणि शेजारी कापसाची नाहीतर मळणीची धूळ उडत असेल तर त्या दिवशी हे काम काढूच नका.

१०. प्रायमर लावलाच पाहिजे का? रंगवाला म्हणतो थेट रंग लावा.

तळाशी कंपनीचा प्रायमर किंवा रंग शाबूत असेल तर गरज नाही, उगाच थर वाढतो. पत्रा उघडा असेल तर लावाच. रंगाचं काम छटा देणं, पत्र्याला धरून ठेवणं आणि गंज अडवणं हे प्रायमरचं काम. थेट लावलेला रंग पहिले काही महिने छान दिसतो आणि नंतर प्रेशरच्या पाण्याखाली टिकलीसारखा निघून येतो.

११. आत आधीच गंज आलाय. त्यावरच रंग देऊन टाकला तर?

देऊ नका. वरून झाकलेला गंज आतून वाढत राहतो. टूथपिकला लावलेल्या वॉटर पेपरनं किंवा सुईच्या टोकानं चकाकता पत्रा दिसेपर्यंत खरवडा. बारीक छिद्रांत तांबूसपणा उरतोच. त्यावर रस्ट कन्व्हर्टरचा छोटा थेंब द्या, तो गंजाचा काळा घट्ट थर करतो. बाटलीवर जेवढा वेळ सांगितलाय तेवढा थांबा, बाजूच्या रंगावर गेलेला थेंब लगेच ओल्या फडक्यानं पुसा. मग प्रायमर आणि पुढे प्रश्न ९ प्रमाणे.

खरवडताना सुई पत्र्यातून आरपार गेली किंवा कडेचा रंग कागदासारखा उचलला गेला तर तिथेच थांबा आणि गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्या.

१२. आखाजीला गावाला जायचंय, आजच उरकून घेऊ का? आणि पावसाळ्यात चालेल का?

एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर सकाळी, ऊन चढायच्या आत, रात्रभर सावलीत थंड झालेल्या पत्र्यावर करा. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा उन्हातल्या काळ्या बोनेटवर हात ठेववत नाही. तशा पत्र्यावर रंगाची वरची साय आधी धरते, आतला थिनर अडकतो आणि मग बुडबुडे फोडत बाहेर येतो. 'ऊन कडक आहे, लवकर वाळेल' हा हिशेब इथे उलटा पडतो.

पावसाळ्यात अडचण ओलाव्याची. दमट हवेत लॅकर दुधाळ होतो. एखादा टवका तातडीनं बंद करायचाच असेल तर दोन दिवस उघडीप पाहून बंद शेडमध्ये करा, किंवा प्रश्न १८ मधला तात्पुरता उपाय वापरा.

सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतरचा. भरिताची वांगी बाजारात आली की टच-अपचा मोसम आला समजा: हवा कोरडी, दुपारी पारा तिशीच्या आसपास, धूळही कमी. फक्त थंडीत भल्या पहाटे करू नका, पत्र्यावर दव असतं.

१३. नंतर गाडी धुवायची कधी? वॅक्स कधी?

दोन-तीन दिवस पाणी नको. पंधरा दिवस वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप त्या जागेवर मारू देऊ नका, तिथल्या पोराला बोट दाखवून सांगा. वॅक्स, पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग महिन्याभरानं. आतला थिनर पूर्ण उडायला तेवढा वेळ लागतो, आणि वॅक्स त्याची वाट अडवतो.

१४. रंगाचा फुगवटा राहिलाय. कागदानं घासून सपाट करू का?

आधी आठवडाभर थांबा. बऱ्याचदा तो स्वतःच बसतो. तरी राहिला आणि खटकत असेल तर घासा, पण प्रश्न १ मधले आकडे आठवून. तुमच्याकडे जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा लॅकर आहे आणि तो परत येत नाही.

२५०० चा वॉटर पेपर शाम्पूच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, खोडरबराच्या छोट्या तुकड्याला गुंडाळा आणि फक्त फुगवट्याच्या माथ्यावर, बोटाचं वजन न देता, हलके हात मारा. दर चार-पाच हातांनी पुसून पाहा. मग ३००० चा, मग रबिंग कंपाउंड फडक्यानं हातानंच. कडांवर आणि बोनेटच्या घडीवर घासूच नका, तिथे थर मुळातच पातळ असतो. दुकानातला १००० नंबरचा जाडसर पेपर 'लवकर काम होईल' म्हणून घेणारे लोक पुढच्या आठवड्यात पॅनल रंगवायचा भाव विचारायला येतात.

१५. चुकून जास्त रंग गेला, ओघळला. आता?

ओला असेल तर काळजी नको: अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन पुसा, पुन्हा सुरुवात करा. वाळला असेल तर फडकं जुन्या एटीएम कार्डाभोवती ताणून गुंडाळा, त्याला लॅकर थिनरचा ओलसर हात लावा आणि वरून एकाच दिशेनं हलकेच ओढा. फडकं ताठ असल्यामुळे खड्ड्यातला रंग राहतो, वरचा जातो.

हा उपाय फक्त कंपनीच्या मूळ रंगावर. तोही आधी दाराच्या आतल्या बाजूला करून पाहा. गाडीला पूर्वी बाहेर रंग मारला असेल तर थिनर तो रंगही सोडवतो. जुन्या गाड्यांसाठी प्रश्न २० पाहा.

१६. माझी गाडी सिल्व्हर मेटॅलिक आहे. ठिपका काळपट का दिसतो?

मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. कारखान्यात फवारणीनं ते आडवे, एका रांगेत बसतात आणि प्रकाश परतवतात. टूथपिकनं लावल्यावर ते हवे तसे पडतात, म्हणून समोरून जुळणारा ठिपका बाजूनं काळपट दिसतो. जाड हात दिला तर आणखीच, कारण पापुद्रे तळाशी बुडतात. सिल्व्हरमध्ये पातळ चार हात जाड दोन हातांपेक्षा नेहमी बरे, आणि दर हातापूर्वी बाटली पुन्हा हलवायची.

पर्ल पांढऱ्याचं गणित वेगळं. त्यात आधी साधा पांढरा, त्यावर पर्लचा झिरझिरीत थर, मग लॅकर असे तीन टप्पे असतात. कोड दाखवून दोन्ही रंग मागून घ्या. नुसता पर्ल लावला तर तळातला प्रायमर त्यातून दिसत राहतो.

१७. बंपर प्लास्टिकचा आहे. कृती तीच का?

जवळपास तीच. गंजाचा भाग वगळा. काळं प्लास्टिक उघडं पडलं असेल तर साध्या प्रायमरऐवजी प्लास्टिक प्रायमर लागतो, नाहीतर रंग धरत नाही. बंपर लवचिक असल्यामुळे जाड थर तडकतो, म्हणून थर पातळच ठेवा. बंपरमध्ये सेन्सर असतील तर प्रश्न २१.

१८. भो, नेलपॉलिश लावली तर चालीन का? आणि टूथपेस्ट?

बिनरंगी नेलपॉलिश काही दिवसांपुरती चालेल. पाऊस तोंडावर आलाय, रंग मिळायला वेळ आहे, अशा वेळी साफ करून वाळवलेल्या टवक्यावर एक थेंब द्या. पुढे खरं काम करताना मात्र ती पूर्ण काढावी लागते. रंगीत नेलपॉलिश उन्हात उतरते, पिवळी पडते, तिच्या वाटेला जाऊ नका.

टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. तिनं हलका ओरखडा पुसट होतो, टवका भरत नाही. उलट खड्ड्यात पांढरी पेस्ट बसते आणि काढताना नाकीनऊ येतात. काळा परमनंट मार्कर उन्हात जांभळट होतो.

हातातलं सॅनिटायझर अल्कोहोलऐवजी वापरू का, असंही विचारतात. नको. त्वचेसाठी त्यात ग्लिसरीन घालतात, ते मागे राहतं. पेट्रोल आणि रॉकेलनं पुसलं तरी तेलकट थर उरतो.

१९. स्प्रेचा डबा स्वस्त पडतो. तो मारू का?

टवक्यासाठी नको. ज्वारीएवढ्या जागेसाठी वीतभर जागेवर फवारा बसतो, मग त्याची कड दिसते, मग ती घासा, मग लॅकर. डबा घेतलाच असेल तर झाकणात थोडा फवारा आणि तिथून टूथपिकनं लावा.

हार्डनर मिसळून वापरायचा टू-के लॅकर घरी फवारूच नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा फुप्फुसात गेला तर दमा जडू शकतो, आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. ते काम पेंट बूथमध्ये, श्वासासाठी बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क घालूनच करायचं. साध्या थिनरचंही काम खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस, देवघरातला दिवा, बिडी-सिगारेट यांपासून लांब.

२०. आमच्या आजोबांची जुनी पद्मिनी आहे. तिलाही असंच करायचं?

आधी एक चाचणी. पांढऱ्या फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन कोपऱ्यात घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तिच्यावर लॅकरचा वेगळा थर नाही. अशा गाडीला रंगच पातळीच्या किंचित वरपर्यंत भरायचा, लॅकर द्यायचा नाही, नाहीतर तेवढाच ठिपका काचेसारखा चमकतो. जुन्या ड्यूको रंगावर थिनरचं फडकं लावू नका, मूळ रंगच विरघळतो. काही साध्या पांढऱ्या मालवाहू गाड्यांवरही लॅकर नसतो, तेव्हा पिकअपवाल्यांनीही ही चाचणी करून पाहावी.

२१. टवका पार्किंग सेन्सरवर किंवा त्याच्या आजूबाजूला आहे.

सेन्सरच्या गोल तबकडीवर जाड ठिपका देऊ नका. तिच्या कंपनांवरच अंतर मोजलं जातं, वजन वाढलं की ती चुकीचं बीपबीप करते. तबकडीवरचा टवका तसाच ठेवला तरी चालतो.

समोरच्या वाहनाचं अंतर ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांत बंपरच्या किंवा कंपनीच्या चिन्हाच्या मागे रडार असतं. त्याच्यासमोर रंगाचा, विशेषतः मेटॅलिकचा, जादा थर आला तर रडारला अडथळा होतो. गाडीचं पुस्तक उघडून रडारची जागा पाहा आणि तेवढा भाग सर्व्हिस सेंटरवर सोडा.

२२. मॅट रंग आहे. किंवा गाडीवर फिल्म लावलेली आहे.

मॅट रंगावर घासणं, कंपाउंड आणि पॉलिश पूर्ण बंद. घासलेली जागा चमकायला लागते आणि ती चमक काढता येत नाही. मॅट लॅकरची बाटली वेगळी येते, ती मागून घ्या.

पारदर्शक फिल्म असेल तर आधी टवका फिल्मला आहे की खाली रंगाला ते पाहा. फक्त फिल्म कापली असेल तर रंग लावू नका. रंगापर्यंत गेलं असेल तर तेवढी फिल्म काढून काम करावं लागतं. नवी फिल्म लावायची तर टच-अपनंतर किमान महिनाभर थांबा, नाहीतर पुढे कधी फिल्म काढताना ठिपका तिच्यासोबत निघेल.

२३. इन्शुरन्समधून करून घेऊ का? फुकटच आहे ना?

फुकट नाही. एक तर प्रत्येक क्लेमला ठरलेली रक्कम तुम्हीच भरता: १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० रुपये, त्यापुढे २,००० रुपये. दुसरं म्हणजे नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या क्लेमविना वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. दोन टवक्यांसाठी ५० टक्क्यांचा बोनस घालवणं तोट्याचं. मोठं डेंटिंग निघालं तर त्याच पॅनलवरचे टवके त्यात आपोआप जातात. गंजामुळे झालेलं नुकसान मात्र विमा कंपनी झिजेत धरते.

२४. टवका भरला तर आरटीओला कळवावं लागतं का? गाडी विकताना अडचण येते का?

त्याच रंगानं टवका भरायला कुणालाही कळवायचं नसतं. गाडीचा रंगच बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते.

विकताना खरेदीदार जाडी मोजायचं यंत्र लावतो. त्यात पूर्ण रंगवलेलं पॅनल जाड दिसतं, आणि मग अपघाताची चौकशी सुरू होते. टवक्याच्या ठिपक्यावरून तसा संशय कुणी घेत नाही. नीटनेटका टच-अप भावाला मारत नाही, गंजाचा ठिपका मारतो.

२५. बोनेटवरच्या टवक्यात गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसते. हे काय?

बोनेट ॲल्युमिनियमचं असावं, काही महागड्या गाड्यांना ते असतं. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून लावून पाहा, चिकटला नाही तर ॲल्युमिनियम. भुकटी खरवडून काढा, रस्ट कन्व्हर्टर वापरू नका, तो लोखंडासाठी आहे. त्यावर ॲल्युमिनियमला चालणारा एपॉक्सी किंवा एचिंग प्रायमर मागा, पुढचं काम तेच. चुंबक चिकटला तर ती भुकटी पत्र्यावरच्या जस्ताची असते. मग ती खरवडून नेहमीचा प्रायमर पुरतो.

२६. उरलेला रंग किती दिवस टिकतो?

बाटलीचं तोंड आणि आटे पुसून झाकण घट्ट लावलं, आणि बाटली घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवली तर वर्ष-दोन वर्षं सहज. गाडीच्या डिकीत ठेवू नका, मे महिन्यात तिथे रंग घट्ट होतो आणि झाकणातून थिनर उडतो. घट्ट झालाच तर त्याच रंगाला चालणाऱ्या थिनरचे दोन-चार थेंब घाला आणि हलवा. गुठळ्या राहिल्या तर फेकून द्या, पण मोरीत ओतू नका: जुन्या पेपरवर ओतून पूर्ण वाळवा आणि मग कचऱ्यात टाका. बाटलीवर गाडीचा नंबर, रंगाचा कोड आणि तारीख लिहून ठेवा. घरात दोन पांढऱ्या गाड्या असतील तर नक्कीच.